शब्बाथ: कोणता वार, कुणाचा विसावा

शब्बाथ पाळण्याची आज्ञा बायबलच्या जुन्या करारात दहा आज्ञांमध्ये दोनदा आली आहे आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगळे दिले आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कारण सृष्टीचे आहे: देवाने सहा दिवसांत सारे घडवले, सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तो दिवस पवित्र. अनुवाद या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा सांगताना सृष्टीचा उल्लेखच येत नाही. तिथे आठवण करून दिली आहे ती मिसर देशातल्या गुलामीची. जो काल गुलाम होता आणि ज्याला एक दिवसही उसंत मिळत नव्हती, त्याने सुटल्यावर दुसऱ्याची उसंत हिरावू नये, असा तिचा रोख आहे.

कारणे वेगळी असली तरी कोणी विसावायचे याची यादी दोन्हीकडे आहे. घरधनी, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा उपरा. अनुवादात बैल आणि गाढव यांची नावे मुद्दाम घेतली आहेत, आणि दास-दासींना तुझ्याइतकाच विसावा मिळावा असे जोडले आहे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात तर घरधन्याच्या विश्रांतीचे कारणच बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांना दम घेता यावा असे सांगितले आहे. शब्बाथाविषयी श्रद्धावंतांचे जे प्रश्न शतकानुशतके विचारले जात आहेत, त्यांतले बहुतेक या यादीपाशी न थांबता थेट वारापाशी पोहोचतात. शनिवार की रविवार, एवढाच वाद उरतो. वाराचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. पण शास्त्राने ज्याला मधोमध बसवले त्याला कडेला सारून दिलेले उत्तर अपुरे राहते.

मराठी मुलखात शब्बाथाची सर्वांत जुनी पाळणूक बेने इस्रायलांची. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेल्यांनी कोकणात वस्ती केली, अशी त्यांची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. या समाजापाशी दीर्घकाळ हिब्रू ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते, सिनेगॉगही नव्हते. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. ग्रंथ हरवले तरी शेमा ही प्रार्थना, सुंता, माशांतला खाण्याजोगा आणि न खाण्याजोगा असा भेद आणि शनिवारचा विसावा एवढे टिकले. अर्थ लावायला पुस्तक नव्हते, तरी पाळणूक होती, आणि ती इतकी ठळक होती की शेजाऱ्यांनी तिच्यावरूनच जातीचे नाव पाडले.

यात एक बारकावा आहे. यहुदी धर्मशास्त्राचा मूळ संग्रह मिश्ना. त्यातल्या शब्बाथ प्रकरणाच्या पहिल्याच अध्यायात तेल काढण्याचा प्रश्न आला आहे. हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या परंपरा तिथे बऱ्याच गोष्टींवर भांडतात: शुक्रवारी सुरू केलेले काम शब्बाथात आपोआप पुढे चालू राहिले तर चालेल का? शम्मायपंथी म्हणतात, नाही. हिल्लेलपंथी म्हणतात, माणूस विसावला म्हणजे झाले. मात्र एका बाबतीत दोघांचे एकमत आहे. जैतुनाच्या गाळपयंत्रावर शुक्रवारी उजेडातच तुळई चढवून ठेवावी आणि तिच्या भाराने तेल रात्रभर, दिवसभर ठिबकत राहावे, याला कोणाचीच हरकत नाही. कोकणातल्या घाण्याला ही सवलत लागू पडली नसती. तिथे तेल तुळईच्या भाराने गळत नाही. त्यासाठी बैलाला गोल फिरावे लागते आणि बैलाचे नाव तर आज्ञेत आहे. मिश्ना हाती नसलेल्या तेल्यांनी घाणा पूर्ण बंद ठेवला, आणि मिश्ना वाचून निर्णय केला असता तरी तो हाच झाला असता.

तंजावूरच्या मराठी राज्यात शब्बाथाचा प्रश्न ख्रिस्ती लोकांबरोबर आला. ओरत्तनाडु हे तंजावूरहून दक्षिणेला पट्टुकोट्टैच्या वाटेवरचे गाव. तंजावूरचे सरफोजी राजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे मुक्तांबाळ छत्र उभारले. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंना अन्न, मुलांना शाळा, आजाऱ्यांना औषध, असा त्याचा पसारा होता. जवळच्या कण्णंदंगुडी गावी त्यांनी पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाची आणि पोटापाण्याची सोय लावून दिली. भोसले घराण्यातला, शिवभक्त राजा ख्रिस्ती मुलांसाठी असे का करतो, याचे उत्तर श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या सहवासात आहे. १७५० मध्ये भारतात आलेल्या श्वार्ट्झला मराठीही येत होती. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या सरफोजींना त्याने सांभाळले, शिकवले आणि गादीवरचा त्यांचा हक्क कंपनी सरकारपुढे लावून धरला. १७९८ च्या फेब्रुवारीत तो वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

सरफोजींच्या राजवटीतली एक गोष्ट मिशनऱ्यांच्या पत्रव्यवहारात कौतुकाने नोंदलेली आहे. दरबारातल्या आणि फौजेतल्या ख्रिस्ती नोकरांना रविवारी व सणाच्या दिवशी उपासनेला जाऊ द्यावे, त्या वेळी त्यांना इतर कामातून मोकळीक असावी, वरिष्ठांनी अडवू नये, असा राजांचा हुकूम होता. शास्त्राचा अर्थ राजांनी सांगितला नाही. ते त्यांचे कामही नव्हते. पण दास-दासींना विसावा देण्याची जबाबदारी आज्ञेने मालकावर टाकली आहे, आणि ख्रिस्ती नसलेल्या मालकाने ती नेमकी पार पाडली. शब्बाथाच्या चर्चेत तंजावूरचा हा हुकूम फारसा कोणी आठवत नाही, हे खेदाचे आहे.

त्या हुकमाची मर्यादाही सांगायला हवी. तो सरकारी नोकरांपुरता होता. तंजावूरच्या भातशेतीत राबणारे पण्णैयाळ, म्हणजे मिरासदाराच्या जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मजूर, त्यात नव्हते. रविवारी चर्चला जावे की नाही, हे असा ख्रिस्ती मजूर स्वतः ठरवू शकत नव्हता. गुलामगिरीला कायद्याचे पाठबळ देणे कंपनी सरकारने १८४३ मध्ये बंद केले; तंजावूरच्या पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा मद्रास राज्यात यायला १९५२ उजाडले. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातले मिसर इतके जवळ होते.

तंजावूरच्या ख्रिस्ती लोकांत रविवारविषयी दोन परंपरांचे पाणी आले. श्वार्ट्झ लुथरन होता. लुथरच्या प्रश्नोत्तरीत ही आज्ञा तिसरी. इंग्लिश चर्चच्या प्रार्थनापुस्तकात तीच चौथी, कारण मूर्तीविषयीची आज्ञा तिथे वेगळी मोजली आहे. फरक केवळ आकड्याचा नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीत लुथरन मंडळींनी स्पष्ट म्हटले, की शब्बाथाऐवजी रविवार पाळणे तारणासाठी आवश्यक आहे असे चर्चने बजावलेले नाही. लोकांना एकत्र यायला एक ठरलेला दिवस हवा म्हणून रविवार ठरला. उलट सतराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्युरिटन परंपरेने रविवारलाच ख्रिस्ती शब्बाथ म्हटले आणि शनिवारचे निर्बंध त्यावर आणून ठेवले. एकोणिसाव्या शतकात तंजावूरचे मिशन इंग्लिश संस्थेकडे गेले, पुढे लाइपझिगचे लुथरन मिशनही आले. त्यांचे वारस, १९१९ ची तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च आणि १९४७ ची चर्च ऑफ साउथ इंडिया, आज एकाच जिल्ह्यात शेजारी नांदतात. रविवारी दुकान उघडावे का, असे विचारणाऱ्याला एका परंपरेत उपासना चुकवू नकोस एवढेच ऐकायला मिळते, तर दुसरीच्या कर्मठ काळात सरळ मनाई झाली असती. कॅथलिक कायदा मधला मार्ग काढतो: उपासनेला आणि दिवसाच्या आनंदाला अडथळा आणील ते काम टाळावे, आणि शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते.

आता वाराचा प्रश्न. शनिवार पाळणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. आज्ञेत सातवा दिवस म्हटले आहे. येशू स्वतः शब्बाथाला सभास्थानात जात असे. नव्या करारात कुठेही आज्ञा शनिवारवरून रविवारवर नेल्याचे वचन नाही. रविवार पाळणारे येशूच्या पुनरुत्थानाकडे बोट दाखवतात. आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमलेली त्रोवसची मंडळी, करिंथकरांना त्याच दिवशी वर्गणी बाजूला ठेवायला सांगणारा पौल आणि प्रकटीकरणातला प्रभूचा दिवस, ही त्यांची वचने. शिवाय कलस्सैकरांच्या पत्रात सण, अमावास्या आणि शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असे म्हटले आहे. शनिवारवाले म्हणतात, ते वार्षिक सणांच्या शब्बाथांविषयी आहे. रविवारवाले म्हणतात, सणांचा उल्लेख आधीच झाला असताना तिसरा शब्द साप्ताहिक दिवसाचाच असला पाहिजे. दोन्ही अर्थ मांडता येतात. दुसरा अधिक सरळ वाटतो, पण त्यातून रविवार सिद्ध होत नाही; कोणताही वार बंधनकारक नाही एवढेच सिद्ध होते. म्हणजे हे वचन प्युरिटनांच्या विरुद्ध जाते आणि लुथरनांच्या बाजूने पडते.

रविवार कॉन्स्टंटाईन बादशहाने आणला, असे शनिवारवाल्यांच्या पत्रकांत अनेकदा छापलेले असते. ते खरे नाही. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखनात रविवारची सभा आहे. कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२१ मध्ये केले ते वेगळे: न्यायालये आणि शहरी धंदे सूर्यवारी बंद ठेवण्याचा हुकूम काढला. तिथून उपासनेचा दिवस सरकारी सुटीचा झाला.

तमिळ देशात शनिवारचा प्रश्न बाहेरून आलेल्या मिशनने उभा केला, असा समज आहे, तोही चुकीचा. तिरुनेल्वेलीकडे नाझरेथजवळ अरुमैनायगम उर्फ सट्टांपिळ्ळै यांनी मिशनऱ्यांशी फारकत घेऊन १८५७ मध्ये हिंदू ख्रिस्ती मंडळी स्थापन केली. बिशप कॉल्डवेल यांनी नाडार समाजाविषयी लिहिलेल्या पुस्तकातली अवहेलना त्यांच्या मनाला लागली होती. आपल्याला शास्त्र वाचता येते, मग गोऱ्या पाद्र्याच्या अर्थाला का मान तुकवायची, असा त्यांचा बाणा होता. जुना करार नीट वाचून या मंडळीने युरोपी चालीरीती टाकल्या, धूप आणि चांद्र तिथी घेतल्या आणि शनिवारचा शब्बाथ धरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मिशनरी तिथे पोहोचले तेव्हा त्यांना शनिवार पाळणारे तमिळ लोक आयतेच भेटले. अ‍ॅडव्हेंटिस्टांनी १९१५ मध्ये कोइमतूरला काढलेली शाळा बंगळूरमार्गे १९४२ मध्ये पुण्याला आली. औंधजवळचे स्पायसर कॉलेज ते हेच. कोकणात ग्रंथाविना पाळणूक टिकली होती, तर तिरुनेल्वेलीत नुसत्या ग्रंथवाचनातून पाळणूक जन्मली.

अक्षर पाळायचे ठरवले तरी माणसांना निर्णय करावाच लागतो, हे मराठी वाचकाला एकादशीवरून ठाऊक आहे. सूर्योदयाला एकादशी असली की स्मार्तांना पुरते. भागवतांना अरुणोदयालाही दशमीचा वेध चालत नाही, म्हणून एकाच पंचांगात कधी दोन एकादश्या छापल्या जातात. शब्बाथाचे तसेच. तो सूर्यास्ताला सुरू होतो, पण पृथ्वी गोल आहे आणि वार कुठे बदलायचा ही रेषा माणसांनी आखलेली आहे. टोंगा बेटे १८० अंश रेखांशाच्या पूर्वेला असूनही पश्चिमेकडचा वार वापरतात. तिथले अ‍ॅडव्हेंटिस्ट खरा सातवा दिवस रेखांशावरून मोजतात, आणि म्हणून शेजाऱ्यांच्या रविवारी उपासना करतात. शास्त्रात रेखांश नाही. तेव्हा आम्ही फक्त लिहिलेले पाळतो, अर्थ लावत नाही, असे कोणालाच म्हणता येत नाही.

वार ठरल्यावर दुसरा प्रश्न कामाचा. तोराहमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या पहिल्या पाच ग्रंथांत, कामाची व्याख्या नाही. अग्नी पेटवू नये असे निर्गमात आहे, लाकडे गोळा करणाऱ्याला झालेल्या शिक्षेची गोष्ट गणनेत आहे, अशी थोडीच उदाहरणे मिळतात. यहुदी पंडितांनी निवासमंडप उभारायला लागलेली कामे मोजून एकोणचाळीस प्रकार ठरवले: नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, दळण, शिवण, लेखन असे. जीव वाचवण्यासाठी मात्र शब्बाथ मोडावाच लागतो, हा नियमही त्यांचाच. शुभवर्तमानांतले वाद याच चौकटीत घडतात. शिष्यांनी कणसे मोडली तेव्हा येशू भुकेल्या दाविदाचे उदाहरण देतो. वाकलेल्या बाईला बरे केले तेव्हा तो विचारतो, की तुम्ही शब्बाथाला बैल दावणीवरून सोडून पाण्यावर नेत नाही का? तो आज्ञा रद्द करत नाही. यादीतल्या दुबळ्यांकडे परत लक्ष वेधतो.

ओरत्तनाडुच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला पडणारा प्रश्न इथे नेमका बसतो. तिथली जमीन कावेरीवरच्या कल्लणै बंधाऱ्यापासून निघणाऱ्या, मेट्टूर धरणाबरोबर १९३४ मध्ये पुरा झालेल्या कालव्यावर भिजते. जूनमध्ये मेट्टूरचे दरवाजे उघडले की कुरुवै भाताची आणि पुढे सांबाची घाई सुरू होते. पाणी कमी असले की कालव्यात पाळीने सोडतात. पाळी उपासनेच्या दिवशी आली तर श्रद्धावंताने काय करावे? कॉन्स्टंटाईनच्या कायद्यात शेतकऱ्याला सूट होती, हवामान थांबत नाही म्हणून. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात अशी सूट नाही. नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही थांबावे, असे तिथे स्पष्ट आहे. म्हणून हंगामाची घाई हे शास्त्रातले कारण नव्हे. पण पाणी घेणे म्हणजे नांगरणी नव्हे, आणि तलमुद या यहुदी ग्रंथात याच प्रश्नाला थेट उत्तर आहे: शुक्रवारी अंधार पडता पडता बागेचा पाट उघडून द्यावा, ती दिवसभर भरत राहिली तरी चालेल. वाफ्याचे तोंड आदल्या संध्याकाळी मोकळे करून ठेवले की पाणी आपल्या वाटेने जाते. हे साधत नसेल आणि पाळी चुकल्याने रोप करपणार असेल, तर शब्बाथाला विहिरीत पडलेल्या बैलाविषयीचा येशूचा प्रश्न त्या रोपाला, आणि त्यावर पोट असलेल्या घराला, लावणे गैर नाही. मात्र त्याच निमित्ताने लावणीच्या बायकांना दिवसभर चिखलात उभे करणे हे पाण्याच्या पाळीत मोडत नाही.

नोकरदारांचा प्रश्न याहून अवघड, कारण वेळ त्यांच्या हातात नसतो. मुंबईत फौज, रेल्वे आणि कचेऱ्यांत शिरलेल्या बेने इस्रायलांना हा अनुभव आला: सरकारी सुटी रविवारची, शनिवार कामाचा. ज्यांचे नावच शनिवारवरून पडले होते त्यांच्या नातवंडांना शनिवारी हजेरी लावावी लागली. त्याच मुंबईत गिरणी कामगारांना कोणताच वार नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. मोशेच्या आज्ञेचा आधार त्यांना लागला नाही. तरीही दास-दासींच्या विसाव्याचे कलम या मुलखात सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमलात आणले ते त्यांनी, हे कोणत्याही पंथाच्या श्रद्धावंताने कृतज्ञतेने मान्य करायला हवे.

ज्याला सुटी मिळूच शकत नाही, त्या परिचारिकेला, पहारेकऱ्याला, शनिवारी परीक्षा आलेल्या विद्यार्थ्याला दोषी धरण्याचा आधार शास्त्रात सापडत नाही. मालकाच्या इच्छेने राबणाऱ्या दासावर आज्ञा ओझे टाकत नाही. ती त्याच्या मालकाला उद्देशून आहे. विद्यार्थ्याने दुसरी तारीख मागावी, परिचारिकेने पाळी बदलून मागावी, आणि मिळाली नाही तर ज्याने नाकारली त्याच्याकडे उत्तर मागावे. रोमकरांच्या पत्रात पौल म्हणतो, की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. हे स्वातंत्र्य त्याने स्वतःच्या दिवसाविषयी दिले आहे, दुसऱ्याच्या विसाव्याविषयी नव्हे. म्हणून जो गृहस्थ शनिवार किंवा रविवार काटेकोर पाळतो, वर्तमानपत्रही उघडत नाही, पण त्या दिवशी पाहुण्यांसाठी मोलकरणीला सकाळपासून रात्रीपर्यंत चुलीपाशी ठेवतो, त्याने वार बरोबर निवडला असला तरी आज्ञा मोडली आहे.